स्वरमंडळ घरी बनवायचंय: खुंटी धरून ठेवेल असं लाकूड कुठलं?

मंद्रसप्तक (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

बायको गेली अकरा वर्षं गाणं शिकते आहे. चार वर्षांपूर्वी तिच्यासाठी स्वरमंडळ घेतलं, म्हणजे गाताना मांडीवर घेऊन छेडायचं तारांचं वाद्य. छत्तीस तारा, गडद पॉलिश, कडेनं पांढरी नक्षी, दिसायला फार देखणं. पहिलं वर्ष छान गेलं. मग खालच्या सात-आठ खुंट्या सरकायला लागल्या. भूप रागाच्या स्वरांत लावून ठेवावा, चहा घेऊन यावं, तोवर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) उतरलेला. जिथून घेतलं तिथे दाखवलं तर म्हणाले, तारा बदला. बदलल्या. पुन्हा तेच.

गेल्या महिन्यात सगळ्या तारा सैल केल्या, एक खुंटी उपसून काढली आणि भोकात टॉर्च मारला. आतलं लाकूड पिठासारखं झालेलं. वरून शिसवीचा रंग दिलाय, आत मात्र फळांच्या पेटीला वापरतात तसलं मऊ लाकूड. त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. तीन वर्षं ती रोज वीस-वीस मिनिटं नुसती खुंट्या पिळायची किल्ली फिरवत बसत होती आणि आम्हाला वाटायचं की आपल्यालाच लावता येत नाही.

मी मशीन शॉपमधून निवृत्त झालोय. लाकडात फारसं काम केलेलं नाही, पण रंधा-पटाशी धरता येते, स्टँडवरचं ड्रिल आहे. वेळ भरपूर आहे. तर नवंच बनवावं म्हणतो. प्रश्न असे: खुंट्यांच्या पट्टीला लाकूड कुठलं? भोक किती मिलिमीटरचं? आणि पेटीचा वरचा पत्रा, म्हणजे तबली, किती जाड ठेवायची? ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

किल्लीवाली

वाचनखूण साठवली. माझ्याही खालच्या तारा उतरतात आणि मी आजवर हवेला दोष देत होते.

कृष्णाकाठ

काका, मी मिरजेचा. आमच्या घराण्यात कोणी कारागीर नाही, पण माझं बालपण सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी गेलं आणि शाळा सुटली की मी तिथल्या एका कारखान्यात बसलेला असायचो. त्यामुळे ऐकीव कमी, बघितलेलं जास्त सांगतो.

पहिली गोष्ट. मिरजेत तंबोरे आणि सतारी होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, स्वरमंडळं पण होतात हे कमी लोकांना ठाऊक. तंबोऱ्याचं काम भोपळ्यापासून सुरू होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येतात, ते वाळवून माळ्याला टांगून ठेवलेले असतात. स्वरमंडळाला भोपळा नाही, ते आहे सरळ पेटीकाम. त्यामुळे लोकांना वाटतं की हे सोपं. पण ज्या चाचांजवळ मी बसायचो ते म्हणायचे, तंबोरा चार तारांचा, चूक केली तर चार ठिकाणी दिसते. याच्यात छत्तीस ठिकाणी दिसते.

ते पट्टीचं लाकूड निवडताना काय करायचे ते अजून डोळ्यासमोर आहे. फळीचा तुकडा दोन बोटांत सैल धरायचा, कानाजवळ आणायचा आणि नखानं टिचकी मारायची. मग तोच तुकडा उलटा करून परत. मग बाजूला ठेवून दुसरा. दहा तुकड्यांतले दोन घेतले तर खूप. बाकीचे घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात ती), कडेला, नक्षीच्या मागे. मला तेव्हा काही फरक ऐकू यायचा नाही. त्यांनी एकदा माझा हात धरून लाकडावर ठेवला आणि टिचकी मारली, म्हणाले, "कानानं नको, तळव्यानं ऐक." चांगल्या तुकड्यात ती टिचकी हातात रेंगाळते. खरंच रेंगाळते.

पेटीला तून, पट्टीला शिसव. हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

सागवान

मी चिपळूणचा, धंद्यानं सुतार. शिसवीला माझं अनुमोदन. सागवानाची पट्टी मात्र करू नका, माझं नाव सागवान असलं तरी. सागाला तेल असतं, सरस नीट धरत नाही. धरायला लावायचाच तर जोडाची जागा स्पिरिटनं पुसून लगेच चिकटवावी लागते. शिवाय खुंटी सारखी फिरवली की तेलकट भोक गुळगुळीत होतं.

आमच्याकडे फणस मिळतो. तंजावरची वीणा फणसाचीच करतात. पेटीला फणस चालेल, वजन थोडं वाढेल.

लाकूड कुठलंही घ्या, सुकलेलं घ्या. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून. एक इंच जाडीला एक वर्ष हा आमचा जुना हिशोब. वखारीतून आणलं आणि पुढच्या रविवारी भोकं पाडली असं केलंत तर ते आधीच्यासारखंच होणार.

पोपटराव

एक इंचाला एक वर्ष म्हणजे वहिनींनी तोवर ख्याल सोडून ध्रुपद शिकून घ्यावं, वेळ आहे.

अनुराधा_ठाणे

थोडं वेगळं मत मांडते. काका, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला वाटतं तुम्ही मिरजेला जाऊन सांगून करून घ्यावं. मिरजेतलं हे काम साधारण १८५० च्या आसपास सुरू झालं. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं नाव. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. तलवारीचं काम कमी झालं आणि त्याच हातांनी तंबोरे घडवले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही विद्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा वेळी प्रत्येकानं व्हिडिओ बघून घरी वाद्यं करायला घेतली तर त्या कारागिरांनी काय करायचं? आधीचं वाद्य चुकीच्या ठिकाणाहून घेतलं गेलं. यावर उपाय म्हणजे योग्य ठिकाणाहून घेणं.

मंद्रसप्तक

अनुराधाताई, पटतंय. घरच्या तंबोऱ्याचं काम मी तिथूनच करून घेतो आणि घेत राहीन. पण हे बायकोसाठी माझ्या हातानं करायचंय. यात कुणाचा घास हिरावतोय असं मला वाटत नाही. उलट एक करून पाहिलं की त्यांच्या कामाची किंमत मला नीट कळेल, पुढच्या वेळी घासाघीस करणार नाही.

कृष्णाकाठ, तळव्यानं ऐकायचं हे मी आज करून बघितलं. घरातल्या पोळपाटाची टिचकी सगळ्यात छान रेंगाळते! बायको म्हणाली पोळपाटाला हात लावायचा नाही.

गणिती_गंधार

मंद्रसप्तक, दोन प्रश्न. वहिनी कुठल्या पट्टीत गातात? आणि वाद्य घेतलं तेव्हा कुठल्या पट्टीत लावलेलं होतं?

मंद्रसप्तक

ती काळी तीनमध्ये गाते, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून. घेतलं तेव्हा काळी एकमध्ये लावलेलं होतं. मीच सगळ्या तारा वर चढवल्या. का?

गणिती_गंधार

तर मग दोष नुसत्या लाकडाचा नाही. गणित मांडतो.

मधल्या षड्जाची तार धरू. लांबी अर्धा मीटर, पोलादी तार ०.३५ मिमी जाड. काळी एकचा षड्ज साधारण २७७ हर्ट्झ. एवढ्यासाठी त्या तारेवर ताण लागतो सुमारे सहा किलो वजनाइतका. सगळ्या तारा साधारण तेवढ्याच ताणाच्या धरल्या तर छत्तीस तारांचे झाले सव्वादोनशेच्या जवळपास. म्हणजे तुमच्या त्या पेटीला दोन्ही टोकांनी धरून तीन धडधाकट माणसं चोवीस तास आत दाबतायत.

आता हे काळी तीनला नेलं. पाच अर्धस्वर वर. कंपनसंख्या झाली १.३३ पट. पण ताण कंपनसंख्येच्या वर्गानं वाढतो, म्हणून ताण झाला जवळजवळ १.७८ पट. एकूण पावणेचारशेच्या वर. तीन माणसं होती तिथे आता पाच. तार तुटली नाही, कारण पोलाद चिवट असतं. मऊ लाकडानं हार मानली.

उपाय साधा आहे. पट्टी वर न्यायची तर तार बारीक घ्यायची. कंपनसंख्या जेवढ्या पटीनं वाढवाल तेवढ्याच पटीनं व्यास कमी करा, ताण होता तेवढाच राहतो. ०.३५ च्या जागी ०.२६. लांबी तीच.

किल्लीवाली

हा प्रतिसाद छापून प्रत्येक स्वरमंडळाच्या पिशवीत घालायला हवा. आम्ही सगळ्या मुली एकाच पट्टीतलं वाद्य आणतो आणि आपापल्या पट्टीला ओढतो. कुणी कधी सांगितलंच नाही.

मंद्रसप्तक

गणिती, मी तीस वर्षं लोखंडावर ताण मोजला आणि घरातल्या वाद्याला हा हिशोब लावायचं सुचलं नाही. मनापासून आभार. म्हणजे चूक बरीचशी माझीच.

ओवी_पेनसिल्व्हेनिया

मी इकडे पेनसिल्व्हेनियात राहते. हा धागा वाचून गप्प बसवेना, कारण स्वरमंडळाची एक चुलत बहीण माझ्या घरात आहे: ऑटोहार्प. तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं इकडच्या हातानं वाद्यं करणाऱ्यांनी शोधून ठेवली आहेत.

थोडी ओळख. फिलाडेल्फियात चार्ल्स झिमरमन नावाचे जर्मनीहून आलेले गृहस्थ होते, त्यांनी १८८२ साली अशा वाद्याचं पेटंट घेतलं आणि त्याला हे नाव दिलं. पण आज जे वाद्य दिसतं त्याचा आकार आहे जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेन गावच्या कार्ल ऑगस्ट गुटर यांच्या वाद्याचा. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या डॉल्जव्हिलला त्याचा मोठा कारखाना झाला, नंतर ऑस्कर श्मिट कंपनीची ऑटोहार्प शाळाशाळांत गेली. तीही साधारण छत्तीस तारांचीच.

फरक एवढाच की तारांवर आडव्या पट्ट्या असतात, खाली नमदा लावलेला. पट्टी दाबली की नमदा नको त्या तारा दाबून गप्प करतो आणि हव्या त्याच वाजतात. 'सा'ची पट्टी दाबली तर सा, ग, प बोलतात, बाकी मुक्या. म्हणजे ती पट्टी सूर काढत नाही, नको ते सूर झाकते. मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली. पूर्वी मांडीवर किंवा टेबलावर ठेवून वाजवत. छातीशी उभं धरून वाजवायची पद्धत पुढे रूढ झाली ती व्हर्जिनियाच्या मेबेल कार्टर यांच्यासारख्या वादकांमुळे.

आता कामाचं. न्यूपोर्ट गावाजवळ माउंटन लॉरेल ऑटोहार्प गॅदरिंग म्हणून मेळा भरतो. तिथे हातानं वाद्यं करणारे आपापली वाद्यं घेऊन बसतात. मी एका आजोबांच्या टेबलाशी तास दीड तास उभी होते. त्यांनी जे दाखवलं ते असं:

खुंट्यांची पट्टी ते एका फळीची करत नाहीत. मेपलचे पातळ थर, प्रत्येक थराची शीर (लाकडाच्या रेषा) आडवी-उभी अशी बदलत, एकमेकांवर चिकटवतात. पियानोतही असंच असतं. एकाच फळीत भोक पाडलं तर दोन बाजूंनी लाकडाची शीर खुंटीला घट्ट धरते आणि दोन बाजूंनी सैल पडते. थरांच्या पट्टीत चहूबाजूंनी पकड मिळते, आणि फळी शिरेच्या रेषेत फुटत नाही.

खुंटी साधारण ५ मिमीची, भोक ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी. हा पाव मिलिमीटरचा फरक म्हणजेच सगळी पकड. आणि भोक सरळ खाली नाही! खुंटी तारेच्या ओढीच्या उलट दिशेला किंचित मागे झुकलेली, पाचेक अंश. तंबूची मेख जशी ठोकतो तशी.

मंद्रसप्तक

ताई, तंबूच्या मेखेनं सगळं एका क्षणात कळलं. पाच अंशांसाठी ड्रिलखाली पाचर ठेवीन. थरांची पट्टी शिसवीची केली तर?

सागवान

करा. पण थर चिकटवायला बाजारातला पांढरा डिंक नको. टेबल-खुर्चीला तो उत्तम, पण सतत ओढ असेल तिथे वर्षभरात हळूहळू सरकतो. मी एकदा घरच्या झोपाळ्याच्या दांड्याला लावला होता. जोड उघडला नाही, नुसता दोन मिलिमीटर घसरला. आमच्या वडिलांचा सरस असता तर घसरला नसता.

कृष्णाकाठ

सरसच. आणि सरसाचं दुसरं मोठं सुख सांगतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी हे वाद्य दुरुस्तीला उघडणार आहे. सरसाचा जोड गरम पाण्याची वाफ आणि पातळ सुरी लावली की सुटतो, लाकडाची चिमूटही जात नाही. पक्क्या रासायनिक डिंकानं जोडलेलं वाद्य उघडायचं म्हणजे फोडायचं. चाचांकडे असं एखादं आलं की ते नुसते मान हलवायचे. म्हणायचे, यानं वाद्य केलं नाही, बंद केलं.

सरस भांड्यात थेट आगीवर ठेवायचा नाही, दुहेरी भांड्यात, बाहेर पाणी. उकळला की ताकद गेली. आणि जोड दोन्हीकडून शेकून घ्यायचा, नाहीतर थंड लाकडाला लागताच सरस थिजतो आणि तुम्ही शिकंजा आवळेपर्यंत खेळ संपलेला असतो.

जुनं_खोड

अवांतर होतंय, पण राहवत नाही. स्वरमंडळ नवं नव्हे. ऐन-ए-अकबरीत अकबराच्या दरबारातल्या गवई-वादकांची यादी आहे, त्यात ग्वाल्हेरच्या वीरमंडल खानाचं नाव आहे, वाद्य सुरमंडल. आमच्या पिढीला ते माहीत झालं बडे गुलाम अली खाँसाहेबांच्या मांडीवरचं म्हणून, पुढे किशोरीताई आमोणकरांच्या हातातलं म्हणून. किशोरीताई बोटं फिरवायच्या तेव्हा सूर कुठून सुरू झाला तेच कळायचं नाही.

आणि मिरजेचा विषय निघाला म्हणून: अब्दुल करीम खाँसाहेब तंबोऱ्याची जवारी स्वतः काढत. गायक आणि कारागीर एकाच माणसात. १९३७ साली गेले, मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, दर वर्षी तिथे गाणं होतं. मी तीनदा गेलोय. पहाटे तिथे दोन तंबोरे लागतात आणि खर्जातून गंधार वर येतो तेव्हा बाकी काही लागत नाही.

पोपटराव

जवारीची गोष्ट काढलीत तर हा धागा आता दिवाळीपर्यंत चालणार. मी फराळ आणतो.

किल्लीवाली

स्वरमंडळाला जवारी असते का हो? माझ्या घोडीवर तार सरळ टेकते.

कृष्णाकाठ

बहुतेकांना नसते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उताराचा, तार त्या उतारावर घासत सुटते आणि मध्ये सुताचा धागा, त्यातून तो गुंजारव येतो. जवारी काढणं म्हणजे तो उतार कानसेनं केसभर केसभर बदलणं, छेडणं, पुन्हा बदलणं. स्वरमंडळाला बारीक कडेची घोडी असते, तार एका रेषेत टेकते, म्हणून स्वर स्वच्छ आणि लवकर विझणारा. छत्तीस तारांना जवारी लावली तर नुसता कल्लोळ होईल. गायकाला मागे हलका पडदा हवा असतो, त्याच्यावर चढाई नको.

अनुराधा_ठाणे

मूळ प्रश्नातली तबली राहिलीच की! किती जाड?

ओवी_पेनसिल्व्हेनिया

इकडे स्प्रूसची, तीन मिलिमीटरच्या आसपास. स्प्रूस हलकं आणि ताठ असतं. पातळ केली तर आवाज मोकळा पण तारांच्या दाबानं खचते, म्हणून आतून आडव्या पट्ट्या लावतात. जुन्या ऑटोहार्पचं नेहमीचं दुखणं म्हणजे खुंट्यांच्या बाजूचा जोड उघडतो आणि तबली तिथून वर उचलते. तुमचीही पेटी बहुतेक तशीच उचललेली असेल, एक सरळ पट्टी वर ठेवून बघा.

आणि एक गंमत. मी माझ्या ऑटोहार्पवरच्या सगळ्या पट्ट्या काढून फक्त एक ठेवलीय, ती मीच केली. नमद्याला फक्त सा, रे, ग, प, ध या तारांवर खाचा पाडल्या. माझी भूपाची पट्टी! दाबली की मध्यम आणि निषाद गप्प, बाकी सगळे बोलतात. इकडच्या मंडळींनी ऐकून टाळ्या वाजवल्या.

गणिती_गंधार

वा! पण गंधार कुठला? पियानोसारखा लावलेला असेल तर तो आपल्या शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). भूपात तेवढं टोचतं.

ओवी_पेनसिल्व्हेनिया

टोचायचंच. म्हणून आधी तंबोऱ्याच्या आवाजावर सगळे गंधार उतरवून घेतले. त्या दिवशी माझ्या आईनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, आता घरचा वाटतोय.

जुनं_खोड

हे वाचून डोळे ओले झाले. आईला नमस्कार सांगा.

मंद्रसप्तक

तुम्ही सांगितलंत तसं पट्टी ठेवून बघितलं. खुंट्यांच्या बाजूला तबली साडेतीन मिलिमीटर वर आलेली आहे. चार वर्षं डोळ्यासमोर होतं.

सगळं कागदावर उतरवलंय. शिसव सागवान यांच्या ओळखीनं बारा वर्षं पडून असलेली मिळतेय, जुन्या पलंगाचे पाय. कामाला लागतो. मध्ये अडलो तर विचारीन.

किल्लीवाली

एक प्रश्न अनुभवी लोकांना: लावताना तार वरून खाली आणायची की खालून वर?

कृष्णाकाठ

खालून वर. स्वर चढला तर आधी उतरवून थोडं खाली यायचं आणि मग वर येऊन थांबायचं. वरून खाली येऊन थांबलात तर वेढ्यांत थोडा ढिलेपणा उरतो, रात्रीतून तो निघतो आणि तार आणखी उतरते. खुंटीवर तारेचे तीन वेढे तरी हवेत. आणि सरकणाऱ्या खुंटीवर हातोडी मारू नका, भोक मोठं होतं. सैल भोकाला थोडी जाड खुंटी घालावी.

मंद्रसप्तक

सात महिन्यांनी धागा वर काढतोय.

वाद्य झालं. पट्टी शिसवीच्या पाच थरांची, शिरा आलटून-पालटून, सरसानं जोडलेल्या. पहिल्यांदा जोडली तेव्हा सरस मधल्या थरात थिजला, कृष्णाकाठ यांनी सांगितलं होतं तरी घाई केली. वाफेवर सोडवली, चार दिवस वाळवली, पुन्हा जोडली. पेटी तुनाची, तबली सव्वातीन मिमी, आत तीन आडव्या पट्ट्या. भोकं ४.७५ ची, पाचरीवर ठेवून. अठ्ठाविसावं भोक पाडताना पाचर निसटली आणि ते सरळ गेलं. तिथे शिसवीची गोल गुल्ली बसवून, वाळवून, पुन्हा पाडलं. आता ओळखू येत नाही, पण मला माहीत आहे ते कुठलं.

वरून चपडीचं पॉलिश, कापडाच्या बोळ्यानं, सोळा हात. नक्षी केली नाही. बायको म्हणाली, नको, लाकूड दिसू दे.

तारा काळी तीनच्या हिशोबानं बारीक घेतल्या. एकदम ताण दिला नाही. पहिल्या दिवशी चार अर्धस्वर खाली, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी पूर्ण. आठवडाभर उतरत राहिलं, मग थांबलं. परवा रात्री साडेदहाला भूप लावून ठेवला. काल सकाळी मोबाईलवरच्या ट्यूनरनं बघितलं: मंद्र पंचम दोन सेंट खाली, बाकी जागच्या जागी. सरळ पट्टी ठेवून तबली बघितली, सपाट आहे.

काल सकाळच्या रियाझाला किल्ली पिशवीतच राहिली. ती तास-सव्वा तास गात होती, मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. एक पान उलटलं नाही.

अनुराधा_ठाणे

काका, माझी हरकत मागे. फोटो टाका.

सागवान

पलंगाचे पाय सार्थकी लागले.

ओवी_पेनसिल्व्हेनिया

अठ्ठाविसावी तार कुठला स्वर हो?

मंद्रसप्तक

तार सप्तकातला गंधार. आणि तोच सगळ्यात छान वाजतो.

जुन्या वाद्याच्या छत्तीस खुंट्या घासून-पुसून डब्यात ठेवल्या आहेत, चांगल्या पोलादाच्या आहेत. कुणी बनवायला घेत असेल तर निरोप करा, किल्लीसकट पाठवतो.

किल्लीवाली

मला हव्यात. लाकूड बघायला या रविवारी जातेय.